भैरवबाबाला चढवलेली पांढरी वाइन
हिरवं सफरचंद कापलं की त्या वासाने मला ती बाटली आठवते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि नोकरी लागली ती नाशिककडे, एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यात, वाइनच्या लॅबमध्ये. बाबा शेजारीपाजारी सांगत, "फळांच्या कंपनीत आहे." पहिल्या हंगामानंतर मालकीणबाईंनी त्यांची सगळ्यात स्वस्त, जराही गोड नसलेली, हिरव्या सफरचंदासारख्या वासाची पांढरी वाइन माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "घरी ने, तुझ्या हातची आहे." हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, माधव नगरला घरी पोचले, तर बाबांनी बाटली दाराच्या आत येऊ दिली नाही. "बीएस्सी याच्यासाठी केलंस? सोडून ये ही नोकरी." मी रडवेली होऊन बाटली ओतायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "ओततेस कशाला? भैरवबाबाला चढवू. तिथे तर सगळेच नैवेद्याला दारू नेतात." देवाला नाही म्हणणं बाबांना जमेना, स्कूटर त्यांनीच काढली. कालभैरवाच्या गाभाऱ्यात झेंडूचा आणि दारूचा वास कोंदला होता. पुजाऱ्याने थोडी वाइन बशीत ओतून देवाच्या ओठांना लावली आणि आमच्या डोळ्यांदेखत बशी रिकामी झाली. उरलेली बाटली परत देताना त्याने विचारलं, "ये कौन सी है? पहली बार देखी।" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "हमारी बेटी बनाती है।" बाहेर येऊन त्यांनी ओंजळीत प्रसाद घेतला, तोंड वाकडं केलं, "आंबट आहे गं," आणि पुन्हा हात पुढे केला. आज त्या मळ्यातली कुठलीही वाइन मी चाखल्याशिवाय बाटलीत भरत नाहीत. पण त्या दुपारी आईने मार्ग काढला नसता, तर मी नोकरी सोडून घरी बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.