टाकीतलं जंगल आणि उरलेली एक गप्पी

किस्से टाकीतल्या गाळासारखे असतात. रोज थोडे थोडे खाली बसतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. एक दिवस कुणीतरी सहज पाण्यात हात घालतो आणि सगळं वर! आमच्या खोलीत तसंच होतं. कुणी पाहुणा टाकीपुढे थांबून "झाडं खरी आहेत का हो?" असं विचारतो, आणि आम्ही तिघं एकदम बोलायला लागतो. त्या गलक्यात त्याला काहीच कळत नाही. म्हणून आज मी एकटाच सांगतो, सावकाश.

खोली म्हणजे बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीची, तळमजल्यावरची, मीटररूमला लागून. बाहेर 'ज्येष्ठ नागरिक कक्ष' अशी पाटी. रोज येणारे ज्येष्ठ तीनच. एक कांबळे. मूळचे अकोल्याकडचे, बँकेतून रिटायर, आत शिरतानाच "जय भीम मंडळी!" असा खणखणीत आवाज. दुसऱ्या हिराबाई. खारदांड्याच्या कोळीण. सगळं आयुष्य मासळीबाजारात गेलं, आता मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आल्या. तिसरा मी. शाळा माझ्या वाट्याला आली नाही, उभा जन्म लिफ्टमन होतो. सगळे मला मामा म्हणतात.

टाकी कांबळेंच्या मुलीची, रश्मीची. रश्मीने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि बेंगळुरूला गेली. बापलेकीचं बोलणं जवळजवळ तुटलंच. पण जाताना ती काचेची छोटी टाकी ठेवून गेली, आणि दर रविवारी फोन करून एवढंच विचारायची, "बाबा, मासे कसे आहेत?" मग कांबळे माशांबद्दल बोलायचे. माशांवरून हळूच जेवणखाण, तब्येत, जावई. त्या टाकीशिवाय दोघांना बोलायला विषयच नव्हता.

घरात मुलाकडच्या नातवंडांची दंगल, म्हणून कांबळेंनी टाकी खाली खोलीत आणली. आणि आमचे सेक्रेटरी परेशभाई आडवे आले.

* * *

परेशभाई माणूस वाईट नाही. पण त्यांना तो कोपरा पार्सलं ठेवायला हवा होता.

"काका, पाणी गळेल, वास येईल, मच्छर होतील."

"काऊन हो? मच्छर होऊ नये म्हणूनच तर लोक गप्पी मासे सोडतात!" कांबळे.

मीटिंग झाली. शेवटी तोडगा निघाला: आहेत ते मासे असेपर्यंत टाकी राहील. नवा एकही मासा आणायचा नाही. शेवटचा गेला की टाकी भंगारवाल्याकडे. कांबळेंनी मान डोलावली, दुसरा इलाज नव्हता.

हिराबाईंनी पदर खोचून टाकीत डोकावलं. आत पाच-सहा गप्पी, एक प्लास्टिकचं गुलाबी झाड.

"यांच्यासाठी मीटिंग? अरं, यांचा कालवन मांजराला बी पुरायचा नाय!"

* * *

महिनाभरात पाणी गढूळ झालं आणि दोन मासे गेले. स्टेशनजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात कांबळे आणि मी गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, प्लास्टिक काढा, जिवंत झाडं लावा. माशांची घाण झाडं खातात, पाणी चांगलं राहतं."

कांबळे रस्त्यातच थांबले. "मामा, मासे आणू नका असं ठरलंय. झाडं आणू नका असं कोण बोललं?"

झाडं आली. पिशवीत पाणी भरून, रिक्षात मांडीवर घेऊन. पण कांबळे कापसाच्या मुलखातले. झाड लावायचं आणि खत घालायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच नाही! नर्सरीतून शेणखत आणलं आणि खड्यांखाली छान थर दिला.

संध्याकाळी टाकीचा चहा झाला होता. कडक, बिनदुधाचा.

आम्ही बादल्या घेऊन धावलो. नळाचं पाणी लगेच घालायचं नसतं, रात्रभर उघडं ठेवून मग घालायचं, म्हणून मासे तेवढ्यापुरते माझ्या घरच्या पातेल्यात. सूनबाईने झाकण उघडलं आणि किंचाळली. वर हिराबाईंचं चालूच: "कांबले, मासा पान्यान राहतो रं, शेनान नाय!"

* * *

खत गेलं, तरी त्यातल्या एका झाडाचं काही खरं नव्हतं. त्याला दुकानदार जावा फर्न म्हणायचा. कांबळेंनी तो रोप लावावं तसा खोल खोचून, अंगठ्याने दाबून पक्का केलेला. आठवड्यात बुडखा मऊ पडून कुजायला लागला.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "काका, याचा कंद पुरायचा नसतो. दगडाला दोऱ्याने बांधायचा. मुळं आपोआप दगड धरतात."

खोलीत येऊन कांबळे दोरा बांधायला बसले. हात थरथरणारे, गाठ सुटायची, फर्न तरंगत वर यायचा. पुन्हा बांधायचे, पुन्हा वर! हिराबाई लांबून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"हात काड. दे हिकडं."

कमरेच्या बटव्यातून जाळं विणायचा नायलॉनचा दोरा निघाला. आता जाळी विणायची नाहीत, तरी तो जवळ असतोच. दोन वेढे, एक गाठ, वर आणखी एक. दगड हातात धरून त्यांनी असा झटका दिला, की मला वाटलं फर्नची मानच गेली.

"अहो हळू! झाड आहे, पळून जाणार नाही!" कांबळे ओरडले.

"दर्या काय नी टाकी काय, गाठ ती गाठ!"

तेव्हापासून हिराबाई टाकीच्या झाल्या. अर्थात कबूल केलं नाही. रोज आधी टाकीत बघायच्या आणि मग म्हणायच्या, "मी काय बगत नाय, चष्मा शोदतंय."

* * *

बांधलेला फर्नही पिवळा पडला. मग तपकिरी. पानांना भोकं, एकेक पान विरघळायला लागलं. कांबळे रोज दगड वर काढून मुळं बघायचे.

मी म्हटलं, "कांबळे, लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट आपल्याच वेगाने येते. लोक उगाच दाबत राहतात. मी आत बसून ऐकायचो, टक टक टक. लिफ्ट कधी त्यामुळे लवकर आली नाही."

"पण मामा, पानं गळतायत!"

"नव्या घरी आलंय ते. हिराबाई आल्या तेव्हा त्याही महिनाभर धड जेवल्या नव्हत्या."

कांबळेंनी दगड खाली ठेवला.

मग मी रोज टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचो. दुसरं काम तरी काय? फर्न मरतोय की जगतोय, ते मलाही कळत नव्हतं. फक्त बसायचो. एक दिवस जुन्या, कुजक्या पानाच्या कडेला मुगाएवढं हिरवं काहीतरी दिसलं. नवं पान! मी हाक मारली तर दोघं इतकी जोरात आली, की कॅरमच्या सोंगट्या खोलीभर झाल्या. कांबळेंनी त्या आनंदात गरम भजी आणली. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी विचारलं, "काय, नातू झाला का?"

"पान झालं!" कांबळे तोंडात भजी घेऊन म्हणाले.

* * *

नवं पान आल्यावर कांबळेंच्या अंगात आलं. झाडांना उजेड लागतो म्हणून टाकीवरचा दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत चालू! मग काय, काचेवर शेवाळ, पाणी पालकाच्या सुपासारखं हिरवंगार. मासे आहेत की नाहीत, कळेना. दुकानदार म्हणाला, पाणी बदला, खाणं कमी घाला. सगळं केलं. पाणी हिरवं ते हिरवंच!

आणि एकदम निवळायला लागलं. रोज थोडं थोडं. आम्हाला वाटलं, फर्नचीच कृपा.

एक दिवस कळलं. परेशभाई दुपारी खोलीत डोकवायचे आणि दिवा बंद करून जायचे. सोसायटीची वीज उगाच जळते म्हणून! आम्ही जेवून वामकुक्षी घ्यायचो, ते येऊन बटण दाबायचे. दुकानदाराला सांगितलं तर तो हसत सुटला. "अहो, तेच करायचं होतं! दिवा फार वेळ ठेवायचा नसतो."

कांबळे मुद्दाम परेशभाईंच्या घरी जाऊन आभार मानून आले. परेशभाई आठवडाभर संशयाने बघत होते, की या म्हाताऱ्यांनी नेमकं काय केलंय?

दुकानदाराने खूश होऊन मूठभर मॉस नावाचं बारीक पाणगवत फुकट दिलं. दिसायला भिजलेल्या काथ्यासारखं. हिराबाई म्हणाल्या, "ह्यो तर आमचे जाल्यान अडकायचा तो कचरा!" पण बांधलं त्यांनीच, दुसऱ्या दगडाला, तीच गाठ घालून. आणि तो कचरा असा फोफावला, की अर्धी टाकी हिरव्या गादीने भरली.

* * *

झाडं जगली, पण मासे म्हातारे होते. एकेक करत गेले. शेवटी दोनच राहिले: एक रंगीत शेपटीचा नर आणि एक मातकट रंगाची मादी. मग नरही गेला. कांबळेंनी त्याला बाहेरच्या जास्वंदीखाली पुरलं.

त्या रविवारी रश्मीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही सगळे खोलीतच होतो. कांबळेंनी फोन टाकीकडे धरला.

"अरे वा, बाबा! काय मस्त झाडं! पण मासे दिसत नाहीत?"

"आहेत की."

"कुठे?"

कांबळे म्हणाले, "जंगल दाट झालंय गं. लपलेत."

"सगळे?"

"लाजतात."

ती हसली. मग जावयाला बोलावून झाडं दाखवली, तोही पहिल्यांदाच म्हणाला, "बाबा, आम्ही बघायला येऊ." फोन ठेवल्यावर कांबळे बराच वेळ टाकीकडे पाठ करून बसले. ते येईपर्यंत ती एकटी मादी टिकायला हवी होती. नाहीतर टाकी नाही, जंगल नाही आणि रविवारही नाही.

* * *

त्यानंतर मादीचं पोट फुगायला लागलं.

कांबळेंचा धीर सुटला. "रोग झाला. मामा, ही पण चालली." खाणं बंद केलं, पुन्हा सुरू केलं, दुकानात फेऱ्या. नेमकं दुकान बंद, मालक गावाला.

हिराबाईंनी चष्मा वर करून बघितलं. "रोग नाय, खुल्या! गाबोली हाय पोटान. अंडी घालंल आता."

"अहो, पण नर कुठेय?"

"त्या मला काय इचारतंस?"

मग आम्ही अंडी शोधत बसलो. मॉसमध्ये, फर्नच्या पानांखाली, खड्यांत. अंड्याचा पत्ता नाही. हिराबाई चिडल्या. चाळीस प्रकारचे मासे हाताखालून गेले म्हणाल्या, अशी फसवी जात नाही बघितली!

एका दुपारी झोप सोडून खाली आलो, तर मादी बारीक झालेली. तरी अंडी नाहीतच. कांबळे म्हणाले, "संपलं," आणि खुर्चीत बसले. मी नेहमीसारखा टाकीसमोर. बघता बघता मॉसमधला एक तंतू हलला. मला वाटलं, डोळ्यांचा दोष. मग तंतूला दोन डोळे दिसले. काळे, टाचणीच्या टोकाएवढे. शेजारी आणखी दोन. वर आणखी.

"कांबळे," मी म्हटलं, "जरा इकडे या."

कांबळेंनी बघितलं, रश्मीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नुसता काचेला टेकवून धरला. तिकडून रश्मी ओरडली, "बाबा! पिल्लं! ही तर जिवंत पिल्लं घालतात, माहीत नव्हतं तुम्हाला?"

तेवढ्यात दारात परेशभाई. दिवा बंद करायला आलेले.

"कांबळेकाका! आ शुं? नवे मासे?"

"आणले नाहीत हो."

"मग आकाशातून पडले? ठरलं होतं ना आपलं? एक मादी राहिली होती, मी रोज बघतो. नर जाऊन एवढे दिवस झाले. मग हे आले कुठून?"

कांबळेंनी माझ्याकडे बघितलं. मी हिराबाईंकडे.

हिराबाई उठल्या. पदर खोचला, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलायच्या तशा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"परेश, एक सांग. तुज्या सोसायटीन कुनाचा बाप मेला, नी मागनं त्याचा पोर जाला, तर त्या पोराला घराभायेर काडतंस काय?"

परेशभाईंनी तोंड उघडलं. सेक्रेटरी माणूस. वारस, नॉमिनी, फ्लॅट नावावर करणं, सगळं तोंडपाठ.

"नाही," ते म्हणाले. "काढता नाही येत."

मग चप्पल बाहेर काढून आत आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, अगदी नाक काचेला टेकेपर्यंत. मॉसमधून डोळ्यांची एक जोडी त्यांच्याकडे बघत होती.

"अरे, हे तर... केवढेसे... एक, दोन, तो तिकडे तीन..."

हिराबाईंनी त्यांचं बोट पकडून खाली केलं.

"मोजू नको रं. नजर लागंल!"