कुमुदबेन आणि रिकामी नळी

रक्त काढायची सुई हातात घेण्याआधी कुमुदबेन प्रत्येकाला विचारायच्या, "घेऊ?" समोरचा बोलला नाही तर थांबायच्या. माझा धाकटा भाऊ सुहास गप्प राहिला तेव्हा त्या पंचेचाळीस मिनिटं थांबल्या. मी घड्याळ पाहत होतो.

"बेन, तो बोलणार नाही. मी सही करतो ना."

"सही तुमची. हात त्यांचा."

सुहासला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला होता. कुमुदबेन बडोद्यातल्याच मराठी घरातल्या, पण सगळे त्यांना बेनच म्हणत. अशा रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं रक्त त्या एका संशोधन प्रयोगशाळेसाठी गोळा करत. घरोघरी मोबाइल नुकते येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट.

शेवटी सुहासनेच विचारलं, "रक्तात कोण बसलंय ते बघणार?"

"कोणी नाही बसलेलं. पेशीत डीएनएची लांबलचक माळ असते. तिच्यातले काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात. पेशीवर ताण पडला की त्यांची संख्या बदलते का, तेवढं मोजायचं."

"मोजायला दादाला ठेवा. तो माझ्या पोळ्यासुद्धा मोजतो."

बेन मोठ्याने हसल्या. सुहासने हात पुढे केला.

माझी मुलगी मृणाल तेव्हा अठरा पूर्ण करून एकोणिसाव्यात होती. तो आकडा माझ्या मानेवर बसला होता. ती किती तास झोपते, किती वेळा एकटीच हसते, हे मी वहीत लिहू लागलो. मग ती खोलीचं दार लावून बसायला लागली. सुहासचंही दारापासूनच सुरू झालं होतं.

मी तिला स्कूटरवरून बेनकडे नेलं. हिमोग्लोबिन तपासायचंय, असं सांगितलं. बेननी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "कशासाठी देतेयस, माहीत आहे ना?"

"हिमोग्लोबिन. बाबा म्हणाले."

बेननी पट्टा सोडला. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तिला खरं सांगा. मी बाहेर आहे."

मी सांगितलं. मृणाल बराच वेळ दंड चोळत राहिली.

"म्हणजे तुम्हाला माझ्यात काकाचं काहीतरी दिसलं?"

"नाही गं. तू दार लावून बसतेस, म्हणून..."

"तुम्ही सारखे दारात उभे राहून बघता बाबा. मला भीती वाटते. म्हणून लावते."

बेन आत आल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "घेऊ?"

"नको."

"चालशे, चालेल," म्हणत त्यांनी रिकामी नळी खोक्यात ठेवली.

"मग मला कळणार कसं?" मी विचारलं.

"घेतलं असतं तरी कळलं नसतं. शंभर जणांचं एकत्र बघून आम्ही काहीतरी शोधतोय. ताणामुळे आजार की आजारामुळे ताण, तेही मला ठाऊक नाही. तुमच्या मुलीचं काय होणार, ते यातून निघत नाही."

इतकं स्पष्ट 'ठाऊक नाही' मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मला धीर आला नाही. उलट वहीत लिहून काही कळेल, हा आधारही गेला.

कुमुदबेन जाऊन आता चार वर्षं झाली. मृणाल बडोद्यातच अलकापुरी भागातल्या एका कचेरीत नोकरी करते. माझी भीती गेलेली नाही. पण दारात उभं राहणं मी सोडलं. चहाच्या वेळी तिलाच विचारतो, "झोप लागली का?" कधी ती सांगते. कधी म्हणते, "आज नको, बाबा." तेव्हा मी माझा कप घेऊन गॅलरीत जातो.