मामांची वीज आणि फुकटचा डबा

विजेचा अपमान झाला की साऱ्या जगात एकाच माणसाच्या अंगाची लाहीलाही होते, आणि तो माणूस नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. कोयनानगरला धरणाच्या पायथ्याशी जे वीजघर आहे तिथं मामांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते पाटणजवळच्या आपल्या गावी राहायला आले, पण ती वीज काही त्यांनी सरकारजमा केली नाही. ते नुसतं 'वीज' म्हणत नाहीत, 'आमची वीज' म्हणतात. आमच्याकडे इस्लामपुरात लाइट गेली आणि मी फोनवर सहज तसं बोलून गेलो, तर पलीकडून करपलेला आवाज येतो, "आमी हितनं नीट सोडली हुती. तुमच्यात काय केलंसा तिला?" कोयनेच्या त्या भागात जमीन मधूनच हलते. फळीवरची भांडी वाजायला लागली की माणसं पोरंबाळं उचलून अंगणात धावतात. मामा खुर्चीतून उठत नाहीत. मान वर करून डोक्यावरच्या बल्बकडे रोखून बघतात आणि सगळं थांबलं की म्हणतात, "हलला, पर इझला न्हाई."

त्यांच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर असतो. विजेच्या कुठल्याही वस्तूची पारख ते हातावर तोलून करतात. वजन कमी म्हणजे आत तांबं कमी, आणि तांबं कमी म्हणजे करणाऱ्याची नियत कमी, असं त्यांचं सरळ शास्त्र आहे. कराडला एका लग्नाच्या बैठकीत सगळे मानपानावर आले असताना मामांनी नवऱ्या मुलाचा मोबाइलचा चार्जर भिंतीतून उपसला, तळहातावर दोनदा खालीवर केला आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं बरं हाय, पर चार्जर लय हलका हाय. इचार करा." लग्न झालं. मामांना त्याची पत्रिका आली नाही. सांगलीत एका दुकानात तर कहर झाला. कॉम्प्युटरच्या पोटात मागच्या अंगाला पत्र्याचा एक डबा असतो, भिंतीतली वीज त्यात शिरते आणि कॉम्प्युटरला पचेल अशी होऊन बाहेर पडते. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात, मामा डबाच म्हणतात. तर त्या दुकानात स्वस्तातला एक डबा मामांना भलताच जड लागला. स्वस्त आणि जड, हे त्यांच्या शास्त्रात बसेना. "काका, सील तोडू नका," असं दुकानदार म्हणेपर्यंत टेस्टरनं स्क्रू निघाले होते. आत कोपऱ्यात नुसती लोखंडाची पट्टी चिकटवलेली होती, वजनापुरती. त्यानंतर मामांनी तिथं जे भाषण केलं ते ऐकायला समोरच्या चहावाल्यानं गॅस बंद केला.

हे सगळं ठाऊक असताना मी काय करावं? मी इस्लामपुरात घरीच लग्नपत्रिका आणि लेटरहेड तयार करून देतो. त्या कामासाठी मी मामांना न विचारता कॉम्प्युटर जुळवून आणला, आणि त्याला बसवलेला डबा कॅबिनेटच्या खोक्याबरोबर फुकट आला होता.

चार वर्षांपूर्वी आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माझी बायको मंगल हिचे आईवडील ती लहान असतानाच गेले. मामा-मामींनीच तिला वाढवलं, आणि मामींनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणजे माहेर म्हणून तिचं जगात जे काही उरलं आहे, ते हा एक तापट म्हातारा. मामा आले, देवाला नमस्कार केला आणि पंगत बसायच्या आत माझ्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. झाकण काढलं, चार स्क्रू फिरवले आणि तो डबा सगळ्या पाहुण्यांदेखत हातावर तोलला.

"पाव्हणं, ह्यो कुणी दिला?"

"कॅबिनेटबरोबर आला."

"फुकट?"

"हो, फुकट. चालतोय की चांगला."

"आवं, डोंगर फोडून आणलीया ती वीज आमी. मानसं गेली त्येच्यात. आन् तुमी ती फुकटच्या पत्र्यात घालताय?"

पाहुणे ऐकत होते. माझे वडील ऐकत होते. मला इतका राग आला की मी म्हणालो, माझ्या घरात काय लावायचं ते मी ठरवीन. मामा शांतपणे उठले. "मग ठरवा. ह्यो डबा हाय तवर ह्या घरात माझं पाऊल न्हाई." मी म्हणालो, "आणि तो चालतोय तोवर मीही काढणार नाही." मामा न जेवता गेले. मंगल तुपाची वाटी हातात घेऊन दारात उभी होती.

तेव्हापासून दर रविवारी मामांचा तिला फोन येई आणि 'कशी हाईस' याच्या आधी प्रश्न असे, "जळला का?" मी तिच्या हातून फोन ओढून घेऊन सांगायचो, "चालू आहे, मामा. मस्त चालू आहे." पलीकडे मामा घसा खाकरत. मग, "उन्हाळा येऊ द्या." उन्हाळे आले आणि गेले. तो हरामखोर डबा जळला नाही. अर्थात तो जळू नये म्हणून मी काय काय केलं हे फक्त मला माहीत आहे. त्याच्यासाठी स्टॅबिलायझर आणला, यूपीएस आणला, त्याच्या पाठीशी छोटा पंखा लावला, दर आठवड्याला सायकलच्या पंपानं त्याची धूळ उडवली. या साऱ्या लवाजम्यात दोन उत्तम डबे आले असते हे मी मंगलला कधी सांगितलं नाही. इकडे दिवाळी आली की गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "काय गं, तुझ्याकडचं कोण आलं न्हाई?" ती म्हणायची, "मामांना प्रवास झेपत नाही." मामा तेव्हा सांगलीच्या दुकानदारांना झोडपायला एसटीनं आमच्याच स्टँडवरून जात असत.

यंदा मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. पुढं पंधरा दिवस कुणीतरी वेळच्या वेळी थेंब घालायला हवं, धूर-धूळ टाळायला हवी. मामांच्या घरी चूल आणि मामा, एवढेच. मंगलनं फोनवर विनवलं, इथं या. मामा म्हणाले, "डबा हाय न्हवं अजून?" तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. एरवी ती आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"त्यांचा डोळा गेला तरी चालेल, पण तुमचा डबा राहिला पाहिजे. तुम्हा दोघांत माझं घर कुठलं, तेवढं एकदा ठरवून सांगा."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला जाऊन चांगल्यातला, महाग आणि खरोखरच जड असा एसएमपीएस आणला, गुपचूप बसवला आणि जुना चालता डबा माळ्यावर टाकला. पण चालता डबा काढला असं मामांसमोर कबूल करून हरणं माझ्याच्यानं होईना. ऑपरेशनच्या सकाळी ते हिरवा झगा घालून बाकावर बसले होते. मी शेजारी टेकलो आणि म्हणालो, "मामा, जळला."

त्यांचा चेहरा असा उजळला की ऑपरेशनची गरज आहे की नाही असं वाटावं. "जळला व्हय? आवाज झाला?"

"झाला."

"धूर?"

"थोडा. निळसर."

"निळसर," मामा समाधानानं म्हणाले आणि आत गेले.

दुपारी गाडी करून आम्ही त्यांना घरी आणलं. एका डोळ्यावर पट्टी असलेले मामा चार वर्षांनी आमचा उंबरा ओलांडून आले, खाटेवर बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "आणा बघू त्यो."  मंगलनं माळ्यावरून डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मामांनी तो उघडला, नाकाशी धरला, मग आतल्या छोट्या नळकांड्यांच्या माथ्यावरून एकेक करत अंगठा फिरवला. जळका डबा असला की ही नळकांडी फुगतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सगळी सपाट होती. मामांचा अंगठा पुन्हा एकदा सगळीकडून फिरला. मग त्यांनी मला जवळ बोलावून आतल्या सर्किटवरच्या मोकळ्या जागा दाखवल्या. "हितं वीज गाळायला फिल्टर पायजे हुता. हितंबी. न्हाई घातला, नुसती वायर मारलीया. चार वर्सं चालला ती तुमची राखण, पाव्हणं. त्येचं काय न्हाई त्येच्यात." त्यांचा उघडा डोळा मात्र माझ्याकडे नव्हता. त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू नीट पिळले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या भाचीला म्हणाले,

"मंगे, पार जळलाय गं. भंगारात दे."

विजेच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

महागाचा डबा घ्यावा का, असं मला हल्ली पुष्कळ जण विचारतात. घ्यावा. जुन्या डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असे, हे तो गेल्यावर कळलं. नवा इतका मुका आहे की त्या दुपारी मी पत्रिका जुळवत बसलो होतो आणि खोलीत फक्त मामांचा श्वास ऐकू येत होता. मंगल थेंबांची बाटली घेऊन आली. वेळ झाली होती. ती खाटेशी उभी राहिली, आणि तिनं त्यांना उठवलं नाही.