जाम बोल्ट आणि लाल फुली

गॅरेजात दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला भंगारवाला येतो, वर घासाघीस बी करतो. किस्से फुकट घेऊन जा म्हणलं तरी कुणी उचलत नाय. मग ते माझ्याच डोक्यात गंजत पडलेत.

माझं गॅरेज उस्मानपुऱ्यात. गॅरेज म्हणजे काय, लोखंडी खांब, वर पत्रे. वारा सुटला की पत्रे असे खडखडतात की गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येत नाय. बरंच हाय ते! अर्ध्या जागेत मी, अर्ध्या जागेत सलीमभाई वेल्डिंगवाला. आता शहर लई वाढलं, म्हणून रस्ता बी वाढवणार म्हणे. एक दिवस कुणीतरी येऊन खांबावर लाल फुली मारून गेलं. म्हणजे शेड जाणार. शेड गेली की आम्ही दोघं घरी. दोघांच्या बायकांनी आत्तापासूनच हात जोडलेत, "काय बी करा, पण दिवसभर घरात बसू नका!"

* * *

दुष्काळाच्या वर्षांत लोक विचारायचे, पाऊस नाय तर गंज कुठून?

जोशी सरांनी बी विचारलं. सरांनी शहराबाहेर प्लॉट घेऊन बंगला बांधलेला. बंगल्याला नाव हाय, गेट हाय, नळाला पाणी नाय. रोज मोटरसायकलीला दोन्हीकडून कॅन बांधून सर बोरचं खारं पाणी न्यायचे. कॅन गळायचे, पाणी मागच्या चाकाच्या नटावर. चाक पंक्चर झालं तेव्हा नट काय हलेना.

सर माझ्यावरच चिडले. "कंपनीनं जरा बरा नट द्यायला काय झालं होतं?"

म्हणलं, "सर, कंपनीला वाटलं तुम्ही गाडीवर बसणार. तिचा टँकर करणार, हे त्यांना कुठं ठावं?"

* * *

जाम बोल्टाच्या बाबतीत माझा एकच नियम. सोडवायच्या आधी केसभर आवळायचा. आवळला की गंज तडकतो, मग बोल्ट उलटा फिरतो. नाय फिरला तर डिझेल पाजायचं आन् गप बसायचं.

सलीमभाईला गप बसणं जमत नाय. त्याचा इलाज एकच, गॅस पेटवायचा आन् बोल्ट लाल करायचा.

एकदा एका गाडीच्या शॉकअपचा वरचा बोल्ट जाम होता. सीटच्या अगदी खाली. त्याला डिझेल पाजून मी चहाला गेलो. येऊन बघतो तर सगळीकडं धूर!

"मियाँ, हे काय?"

"बोल्ट निकल गया ना, नाना!"

"आन् सीट?"

"सीट के बोल्ट भी जाम थे. अब टेन्शन नहीं."

* * *

जोशी सरांचा तो नट डिझेल पीत पडला होता. तेवढ्यात सरांचे जावई पुण्याहून आले. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला की कोल्ड्रिंकनं गंज सुटतो. झालं! जावयाचा शब्द मोडायचा कसा? सरांनी गाडी ढकलत घरी नेली आन् मोठी बाटली ओतली.

दुसऱ्या दिवशी गाडी परत माझ्या दारात, संगं सर आन् जावई. नट जागच्या जागी, वर मुंग्यांची वरात.

म्हणलं, "जावईबापू, सोयगावला टँकरनं पाणी येतंय, आन् तुम्ही नटाला कोल्ड्रिंक पाजता व्हय?"

जावई शांतपणे म्हणले, "नाना, तुमच्या डिझेलनं तरी कुठं सुटला?"

सलीमभाई इतका हसला की मी त्या दिवशी त्याचा चहा बंद केला.

* * *

सोयगावचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिकडचा एक पाव्हणा आला. त्याच्या गाडीला बघावं तिकडं तार. साइड पॅनल तारेनं बांधलेलं, हेडलाइट तारेनं, नंबर प्लेट तारेनं.

"बोल्ट कुठं गेले?"

"काढून टाकले," पाव्हणा म्हणला. "लई जाम व्हायचे. आता भानगडच नाय."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

"तार गंजलीय. सुटंना."

* * *

लाल फुली मारणारा माणूस बी एक दिवस आला. फुली बघायला नाय, गाडी घेऊन! चेन सारखी उतरायची आन् ताणायला गेलं तर नट फिरेना. सलीमभाई म्हणला, "नाना, वापस भेजो इसको." पण दारात आलेली गाडी आपण परत पाठवत नाय. आवळला, सोडवला, चेन ताणून दिली.

माणूस खूश. "काका, माझ्या हातात असेल ते काम सांगा."

"ती फुली पूस."

तो खांबाजवळ गेला, नखानं खरवडून बघितलं आन् मान हलवली. "नाय निघत काका. ऑइल पेंट हाय."

* * *

शेवटी अतिक्रमणवाले आले. ट्रक, साहेब, सात-आठ माणसं. जेसीबी नव्हता. तो पाण्याची पाइपलाइन खोदायला गेलेला. म्हणून साहेबांनी हुकूम सोडला, "बोल्ट खोला, पत्रे उतरवा."

माणसं पाने घेऊन वर चढली. निम्मे बोल्ट गंजून दगड झालेले, निम्मे ढिले पडून नुसते जागेवर गरगर फिरणारे. एक बी निघंना. साहेबांचा शर्ट घामानं भिजला. माझ्याकडं आले.

"काका, तुमची हयात यातच गेली. कसं काढायचं सांगा."

सलीमभाईनं डोळे मोठे केले. "नाना, चुप बैठो!"

पण कामाचं विचारलं की माझ्या तोंडाला टाळं लागत नाय. म्हणलं, "आधी आवळावं लागतं."

साहेब वर बघून ओरडले, "आधी आवळा रे! सगळे आवळा!"

माणसं तगडी. पान्याला पाइप लावून आवळत सुटली. ढिल्यांना खालून दुसरा पाना लावला, ते बी आवळले.

"आता?"

"आता डिझेल पाजा."

पाजलं.

"आता?"

"आता थांबा."

साहेब थोडा वेळ माझ्या मोडक्या स्टुलावर बसले. मग फोन वाजला. कुठंतरी टँकरवर मारामारी लागली होती, गाडी तिकडं पाठवा म्हणून. साहेब जाताना बजावून गेले, "काका, भिजू द्या. हात लावू नका."

म्हणलं, "बिलकुल नाय."

दुपारी वारा सुटला. रस्त्यावर धुरळा, कचरा, पिशव्या सगळं उडालं. सलीमभाई शेडखाली उभा राहून वर बघत होता. म्हणला,

"नाना, पहले शेड हवा में खड़खड़ तो करती थी. अब आवाज भी नहीं कर रही!"