नळ्यांच्या चिंध्या

फोरमनने नळ्यांना बांधलेल्या माझ्या चिंध्या सगळ्यांसमोर कात्रीने कापल्या आणि माझ्या अंगावर टाकल्या.

"मावशी, हे गॅरेज आहे. नवसाच्या चिंध्या बांधायला देवळात जा."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची ट्रेलर दुरुस्तीची शेड होती. विमानतळाच्या तेव्हा नुसत्या बाता होत्या. मी झाडायची, गिअरबॉक्सचे भाग डिझेलमध्ये धुवायची. चहा सगळ्यांना ग्लासात, मला दांडी तुटलेल्या कपात. तो कप मीच विसळून नळामागे ठेवायचा. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

आधीचे म्हातारे मिस्त्री मला शिकवून गेले. मोठ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावर एक बटण असतं. ते दाबलं की हवा दोन बारीक नळ्यांपैकी एकीतून गिअरबॉक्सात जाते. एका नळीने ओढीचे, म्हणजे ओझं घेऊन चढायचे गिअर पडतात, दुसरीने पळायचे. दोन्ही नळ्या दिसायला सारख्या. म्हणून सोडण्याआधी मी ओढीच्या नळीला लाल चिंधी बांधायची, पळायच्या नळीला काळी. गिअरबॉक्सच्या ज्या तोंडातून काढली, त्या तोंडालाही तशीच.

त्या दिवशी फोरमनने चिंध्या कापून नळ्या स्वतः जोडल्या. मी बघत होते.

"सायब, नळ्या उलट लागल्यात."

"कितवी शिकलीस?"

"चौथी."

"मग पाचवीत गेलीस की मला शिकव. झाडू उचल."

मी झाडू उचलला.

गाडी उरणच्या हमीदची. कंटेनर चढवलेलाच होता. तो केबिनमध्ये बसलेला, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. खिडकीतून हात काढून म्हणाला, "मावशी, चाललो. उद्या बोंबील आणतो तुला, ताजे."

मी म्हणाले, "आण."

एवढंच म्हणाले. थांब म्हणायलाही तेवढाच श्वास लागला असता.

गाडी फाटकातून निघाली तेव्हाच क्लच जळल्याचा वास आला. म्हणजे ओढीच्या जागी पळायचा गिअर पडला होता. मला कळलं. फोरमन माझ्याकडे बघत होता. मी खाली मान घालून झाडत राहिले. पुढेच पुलाचा चढ. इंजिन बंद पडल्याचं ऐकलं. मग ब्रेक सुटल्याचा, हवेचा फुस्स आवाज. मग गाडी मागे आली आणि पुलाच्या कडेला आडवी झाली.

हमीद जगला. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

संध्याकाळी फोरमन कागद घेऊन आला. "नळ्या तू जोडल्यास, असं लिहिलंय. अंगठा दे. बाईमाणूस आहेस, अडाणी आहेस, तुला कोण काय करणार?"

सकाळी हसलेले सगळे तिथेच होते. आता कोणी हसत नव्हतं.

मी त्याच्या खिशातला पेन काढला. कागदाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: नळ्या फोरमनने जोडल्या. उलट आहेत हे मी सांगितलं. मग मी गप्प बसले. खाली माझं पूर्ण नाव.

त्याने कागद फाडला. "उद्यापासून येऊ नको."

मी घरी जाऊन तेच पुन्हा लिहिलं आणि दवाखान्यात नेऊन हमीदच्या बायकोच्या हातात दिलं. तिने वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली.

"तुमाला म्हाईत होतं? मग त्याला का नाय बोलल्या?"

आजही रस्त्यावर कुठे क्लच जळल्याचा वास आला की हमीदचा तो हात दिसतो, खिडकीतून काढलेला.

पुढे दुसऱ्या शेडमध्ये लागले. तिथेही झाडूच. पण कोणीही नळ्या जोडायला घेतल्या की मी बटण दाबायला लावते, नळीच्या तोंडाशी बोट धरून हवा बघते, मगच नळी बसू देते. हसतात. हसू देत. उलट जोडून गाडी सुरू केली, तर झाडू टाकून मी पुढच्या चाकाला पाठ लावून बसते.

गाडी काढायची असेल तर आधी नळ्या सुलट लावा. नाहीतर माझ्यावरून न्या.