केनच्या ड्राइव्हवेतली डोलकाठी

लॉकडाऊनमध्ये किस्से शोधायला जावं लागत नाही. तासभर चालायची परवानगी, पाच किलोमीटरची हद्द, आणि उरलेला दिवस खिडकी! माझ्यासारख्या बाईला आणखी काय हवं? पॉइंट कुकच्या आमच्या गल्लीतले त्या हिवाळ्यातले, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टमधले, सगळे किस्से एकाच काठीभोवती जमले. सुरुवात मीच केली, हे आधीच कबूल करते.

आमच्या एका बाजूला मिलिंद राहतो. पुण्याचा, आयटीतला. एका सकाळी कुंपणाशी उभा राहून तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, केन स्वतःच म्हणतो ना, डोलकाठी उतरवली की मालक परत..."

आणि नेमका कचऱ्याचा ट्रक आला! बिन उचलली, आपटली, ट्रक गेला. तोवर फोनही संपला होता.

अर्धं वाक्य पोटात असलं की मला घास उतरत नाही. "...परत येत नाही," असं मीच ते पूर्ण केलं आणि गल्लीतल्या आपल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं.

* * *

केन म्हणजे आमच्या दुसऱ्या बाजूचा म्हातारा. पंचाहत्तरी उलटलेला, एकटा. त्याची एक शिडाची बोट होती. दोन वर्षं दर रविवारी तो मिलिंदला ती चालवायला शिकवत होता. मार्चमध्ये सगळं बंद व्हायला लागलं, तेव्हा दोघांनी ती ट्रेलरवर घालून घरी आणली. रस्त्याने आणायची तर डोलकाठी उतरवावीच लागते. पण ड्राइव्हवेत पोचल्यापोचल्या केनने ती पुन्हा उभी केली! पार छपराच्याही वर.

मिलिंद म्हणाला, "केन, हिवाळाभर राहणार, तर आडवी करू. वाऱ्याने तारा सैल होतात. कव्हरही नीट बसत नाही."

"आडवी काठी मला बघवत नाही, मेट," केन म्हणाला. मेट म्हणजे इथलं 'मित्रा'.

जूनमध्ये केन लेटरबॉक्सपाशी घसरला, खुबा मोडला, हॉस्पिटलात गेला. भेटायला बंदी. निर्णय पडला मिलिंदच्या गळ्यात. काठी उभी ठेवावी, तर वादळात माझ्या बेडरूमवर. उतरवावी, तर माझं वाक्य एव्हाना त्याच्या बायकोपर्यंत पोचलेलं!

"काकू, तुम्ही अर्धंच ऐकलंत," मिलिंद मला म्हणाला.

"मग उरलेलं सांग की!"

तो बिन ओढत आत गेला.

* * *

वारा सुटला की दोर काठीवर आपटून टिण्ण टिण्ण वाजायचे. मिलिंदने सगळे दोर ओढून बाजूला बांधले. मग कितीही वारा असो, काठी गप्प.

फक्त दुपारी चार वाजता वाजायची. टिण्ण, टिण्ण. दोनदाच.

केनचा चहा चारचा. साखर ढवळून झाली की तो चमचा कपाच्या काठावर दोनदा आपटायचा, ते मला ओट्यापाशी ऐकू यायचं.

आमचे हे म्हणाले, "थंडीने धातू आकसतो गं."

मी म्हटलं, "घड्याळ बघून?"

* * *

एकदा कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणी मिलिंदने बादलीत काढलं आणि बादली कुंपणाशी ठेवली. मी आपलं बोट बुडवून चाखलं. खारट!

"काकू! दिवस काय आहेत, आणि तुम्ही काहीही काय चाटता?"

मग त्यानेही चाखलं. बादली उचलली आणि गटारापाशी जाऊन हळूहळू ओतली, जराही आवाज न करता.

* * *

मग पोलीस आले. भर दुपारी, दोघं. मी मास्क चढवून हजर! तक्रार अशी की, या बोटीवर एक म्हातारा विनामास्क उभा असतो.

मिलिंद म्हणाला, "बोटीचा मालक महिनाभर हॉस्पिटलात आहे."

त्यांनी कव्हर पाहिलं. गाठी जशाच्या तशा. एकाने वही उघडली. "ज्या बाईंनी फोन केला, त्या म्हणाल्या, एका हाताने काठी धरून उभा होता."

"मी नव्हे हो!" मी म्हटलं. खरंच मी नव्हते. पण ती बाई कोण, हे मला अजून कळलेलं नाही. आणि या गल्लीत मला कळत नाही असं काही नसतं.

* * *

ऑगस्टमध्ये हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल आला. केन दोन दिवस काही खात नव्हता. मिलिंदने कुंपणावर फोन धरला, म्हणजे मलाही दिसावं. चेहरा एवढासा झालेला. कसा आहेस, काय, काही नाही. पहिला प्रश्न, "काठी उभी आहे का, मेट?"

"आहे, केन. तू येईपर्यंत राहील."

"उतरव. धरून धरून हात भरून आलाय."

नर्सने त्याचा उजवा हात कॅमेऱ्यापुढे आणला. मूठ घट्ट मिटलेली. "पंधरा दिवस अशीच आहे," ती म्हणाली. "आम्हाला उघडता येत नाही."

* * *

त्या रविवारी वादळाचा इशारा होता. दुसऱ्याच्या घरी जायला मनाई, पण काठी छपरात घुसल्यावर कुणाची परवानगी काढणार? मिलिंद, त्याची बायको आणि आमचे हे दोर धरून उभे राहिले. मी हळदकुंकू आणि वाटीत साखर घेऊन गेले.

"काकू, ही गुढी नाहीये!"

"उभी काठी अशी कोरडी उतरवू नये, बाळा. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरते. ही पाडव्यापासून उभी आहे."

खीळ काढली, तारा सैल केल्या. तिघांनी ओढलं. तसूभर हलेना! मिलिंदची बायको रडवेली झाली. "राहू दे ना रे. तो परत आला नाही तर?"

मिलिंदचे डोळे भरले. त्याने दोर सोडून दिला.

मी काठीला हळदकुंकू लावलं, साखर ठेवली आणि म्हटलं, "केन, सोडा हो आता!"

कुणाचाही हात लागलेला नसताना काठी कलली आणि अलगद खाली आली.

* * *

तीन आठवड्यांनी केन घरी आला! वॉकर घेऊन, पण आपल्या पायांनी. दोन्ही हात मोकळे. मी कुंपणावरून ओरडले, "बघ मिलिंद, आला की नाही परत? अफवा ती अफवाच!"

मिलिंद म्हणाला, "'परत येत नाही' असं नव्हतंच ते, काकू. 'परत पाण्यावर जात नाही' असं होतं."

केनला सगळं आठवत होतं. माझं नाव, माझं वरण, लिंबाला पाणी घालायचं राहिलंय ते. मिलिंदला म्हणाला, "तुझी प्रमोशनची मुलाखत झाली का रे?" मग वॉकर थांबवून बोटीकडे पाहत राहिला.

"छान आहे. कुणाची?"

मिलिंद म्हणाला, "तुझीच की, केन."

लहान मुलाच्या थापेला हसावं तसा केन हसला. "माझी? मेट, मला पोहायलाही येत नाही. पाण्याची भीतीच वाटते मला, लहानपणापासून."

आणि ड्राइव्हवे सोडून, पार पलीकडच्या कडेने, ओल्या गवतातून वॉकर ढकलत तो दारापर्यंत गेला.