दसऱ्याच्या दिवशी न मरणारी प्रोसेस

...रीसेटच्या बटणावर माझं बोट टेकलं होतं आणि नलूताईंनी मनगट धरलं. "थांब रे. माझा काठ आहे त्यात."

सुरतच्या लिंबायतमधली, नव्वदच्या दशकातली गोष्ट. साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. लिनक्स नवं होतं... आणि मीही.

नलूताई आमच्या डिझायनर, धुळ्याकडच्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या साड्या बघून उतरवल्या. कपाशीच्या बोंडांचा हा काठ मात्र पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो तयार नसेल तर लूमवर, म्हणजे मागावर, जुनंच डिझाइन चढेल, असं शेठनी बजावलं होतं.

आणि दसऱ्याच्या सकाळी, पहिल्यांदा सेव्ह करतानाच, स्क्रीन थिजली.

शेठ दारातूनच ओरडले, "अरे, बंद करके चालू कर ना!" इलाज मलाही तोच माहीत होता. पण बंद केलं की काठ गेला.

दुसऱ्या टर्मिनलवर बसलो. डिझाइनांच्या फोल्डरमध्ये काय काय आहे, एवढंच विचारलं... तीही कमांड अडकली. तिला थांबवायला कंट्रोल-सी, मग मारायला किल, मग किल -९. याच्यापुढे काही टिकत नाही असं मी समजत होतो. ती ढिम्म.

चालू प्रोसेस बघितल्या. त्या कमांडपुढे आणि नलूताईंच्या प्रोग्रॅमपुढे एकच अक्षर होतं, डी. म्हणजे डिस्ककडून उत्तर यायची वाट बघणं चाललंय, आणि ते येईपर्यंत कोणाचंच ऐकणार नाही. झोम्बी असती तर ती मेलेलीच असती, नुसतं नाव मागे उरलेलं. ही जिवंत होती!

ते फोल्डर आमच्या मशीनवर नव्हतंच. गल्लीपलीकडे लूमच्या खात्यात, म्हणजे माग चालायचे त्या शेडमध्ये, दुसरा कॉम्प्युटर होता, आमचा सर्व्हर; फोल्डर त्याच्यावर, छपरावरून केबल ओढलेली. मी धावलो.

खात्यात शांतता. प्रत्येक लूमला झेंडूची माळ. कॉम्प्युटरलाही माळ, कुंकू... आणि तोही बंद. खात्याचे मुकादम एकनाथअण्णा. चालू यंत्राची पूजा होत नाही, म्हणून लूमबरोबर त्यांनी त्याचंही बटण बंद केलं होतं.

"अण्णा, दोन मिनिटं चालू करू?"

"पूजा हुई गयी. आते सकाळलोंग हात नही."

मागून आलेल्या शेठनीही नकारार्थी मान हलवली. दसरा म्हणजे दसरा.

खरं तर मी रडकुंडीला यायला हवं होतं. पण परत येताना मला हसूच आवरेना... ती प्रोसेस वाट बघत थांबणार होती! रात्रभरसुद्धा. घाई आम्हाला होती, तिला नव्हती. फक्त आमचं मशीन बंद पडता कामा नये.

पण मग त्याची पूजा कशी करायची? अण्णा स्वतः बघायला आले. गाढ झोपलंय, मारलं तरी उठत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माउस हलवून पाहिला, दोन की दाबल्या. स्क्रीनवर काही हललं नाही.

"नलू, तुनं मशीन ते घोरी रायनं वं!"

"मग लावा की कुंकू. झोपेतच."

अण्णांनी मॉनिटरला कुंकू लावलं. नलूताई घरी जाताना दोनदा परत येऊन यूपीएसचा दिवा बघून गेल्या.

त्या दिवसापासून अडकलेलं काहीही मारण्याआधी ते कशासाठी थांबलंय ते मी आधी बघतो. मशीनवर तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी खात्यातला कॉम्प्युटर चालू केला. तो बराच वेळ आपली डिस्क तपासत बसला. मग आमच्या स्क्रीनवर ओळ आली, सर्व्हर ओके. माझी अडकलेली कमांड कालच्या किल -९ ने त्या क्षणी मेली. नलूताईंचा प्रोग्रॅम जागा झाला, काठ सेव्ह झाला आणि दुपारी लूमला लावायची कार्डं पंच करायला गेला.